व्हर्च्युअल मशीन रखडतात तेव्हा : नेटवर्क स्टोरेजविषयी वाचकांचे प्रश्न

नेटवर्कवरील स्टोरेजवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे संगणक) ठेवणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार सारखीच असते : उपकरणे चांगली घेतली, खर्चही केला, तरी मशीन रखडतात. या वेळचे संपूर्ण सदर त्या तक्रारीसाठी दिले आहे. लांबलेले प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत आणि एकाच आशयाची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे झेडएफएस या फाइल सिस्टिमवर चालणारा स्टोरेज सर्व्हर आहे. त्यात सहा हार्ड डिस्क रेड-झेड-२ (दोन डिस्क बिघडल्या तरी मजकूर टिकेल अशा) मांडणीत बसवल्या आहेत, मेमरी ६४ जीबी आहे आणि नेटवर्क १० गिगाबिटचे आहे. साध्या संगणकावरून मोठी फाइल सर्व्हरवर टाकली, तर सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. तोच साठा ईएसएक्सआय होस्टला, म्हणजे व्हीएमवेअरच्या प्रणालीवर व्हीएम चालवणाऱ्या संगणकाला, एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या पद्धतीने) जोडला आहे. पण त्यावरील व्हीएममध्ये लिहिण्याचा वेग ५ एमबीच्या पुढे जात नाही. वाचन मात्र ठीक होते. दोष कोठे शोधावा?

उत्तर : आपल्या पत्रातील दोन निरीक्षणांनी शोधाचे निम्मे काम केले आहे. त्याच सर्व्हरला, त्याच तारेवरून, दुसऱ्या संगणकाकडून उत्तम वेग मिळतो, म्हणजे नेटवर्क कार्ड, केबल आणि डिस्क यांपैकी काही बिघडले असण्याची शक्यता फार कमी आहे. शिवाय वाचन नीट होते आणि फक्त लेखन अडते. असे चित्र दिसले की साठवणीची जागा किती वेगवान आहे यापेक्षा, लिहिणारा तिच्याकडून कोणते वचन मागत आहे, हे आधी पाहावे.

साध्या संगणकावरून फाइल टाकताना सर्व्हर आलेला मजकूर मेमरीत घेतो, ‘मिळाला’ असे लगेच कळवतो आणि साचलेला मजकूर झेडएफएस सर्वसाधारणपणे दर पाच सेकंदांनी एका झपाट्यात, सलग, डिस्कवर उतरवतो. सलग लेखन हार्ड डिस्कला मानवते, म्हणून ५०० एमबीचा आकडा दिसतो. ईएसएक्सआय मात्र एनएफएसवरचे प्रत्येक लेखन सिंक पद्धतीने मागतो. म्हणजे मजकूर वीज गेल्यावरही टिकेल अशा जागी पोहोचल्याशिवाय सर्व्हरने होकार द्यायचा नाही. यात त्याचे काही चुकत नाही. व्हीएमच्या आत लिहिले जाणारे चार किलोबाइट हे डेटाबेसच्या नोंदवहीचे आहेत की फेकून देण्याच्या तात्पुरत्या फाइलचे, हे होस्टला कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून तो सगळेच मोलाचे समजतो.

आता हे वचन पाळायला आपल्या डिस्कना किती वेळ लागतो ते पाहू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद जातात. हेड योग्य पट्ट्यावर नेण्यासाठी आणखी साधारण ८ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या कामाला बारा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ८० च्या आसपास कामे होतात. डिस्क सहा असल्या तरी रेड-झेडच्या एका गटाकडून विखुरलेल्या कामांसाठी साधारण एकाच डिस्कइतकी अपेक्षा ठेवावी, कारण एकेक ब्लॉक सर्व डिस्कवर वाटून लिहिला जातो आणि सगळ्यांना एकमेकींसाठी थांबावे लागते. व्हीएम एका वेळी ६४ केबी लिहीत असेल आणि मागचे लेखन पुरे होईपर्यंत पुढचे पाठवत नसेल, तर ६४ गुणिले ८० म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ एमबी. आपण कळवलेला आकडा हाच आहे. हिशेब ढोबळ आहे, पण रोगाचे नाव सांगायला तो पुरतो.

खात्री करून घेण्यासाठी एक वेगळा डेटासेट, म्हणजे साठ्याचा स्वतंत्र मांडणी असलेला विभाग, तयार करून त्यावर एखादे चाचणीचे व्हीएम ठेवावे, त्या डेटासेटची सिंक ही मांडणी ‘डिसेबल्ड’ करावी आणि पुन्हा लेखन मोजावे. वेग एकदम अनेक पटींनी वाढला, तर निदान पक्के झाले असे समजावे. ही मांडणी कायमची ठेवू नये, हे मला जोर देऊन सांगावेसे वाटते, कारण अनेक जण ‘चालले’ म्हणून तसेच सोडून देतात. वीज गेली किंवा सर्व्हर कोसळला, तर झेडएफएसचा स्वतःचा साठा सुसंगतच राहतो. जाते ते गेल्या काही सेकंदांतील लेखन, आणि ते लिहून झाले आहे असे व्हीएमला वचन दिलेले असते. आतील डेटाबेस किंवा फाइल सिस्टिम त्या वचनावर पुढे गेलेली असते. नंतर उघडलेली फाटाफूट कधीकधी आठवड्यांनी लक्षात येते.

कायमच्या उपायांत पहिला क्रम लेखनाच्या वेगळ्या नोंदवहीचा, म्हणजे स्लॉगचा लागतो. येथे कोणतीही एसएसडी चालत नाही. जिच्यात वीज गेल्यास हाती असलेले लेखन पुरे करण्यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, तीच घ्यावी. तशा एसएसडीला ‘लिहून संपव’ ही आज्ञा लगेच मान्य करता येते, तर घरगुती वापरासाठी विकली जाणारी एसएसडी त्या आज्ञेसरशी प्रत्यक्ष चिपवर लिहीत बसते आणि जाहिरातीतील वेगाच्या जवळपासही जात नाही. आकारमान फार लागत नाही. १० गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ जीबी येऊ शकतात. पाच सेकंदांचे सहा-सव्वासहा जीबी झाले, आणि असे दोन-तीन हप्ते वाटेत आहेत असे धरले तरी २० जीबीच्या आत भागते. स्लॉगमुळे वाचन सुधारत नाही आणि सिंक नसलेले लेखनही सुधारत नाही. तो रोजच्या कामात वाचलाही जात नाही, सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरच त्यातील नोंदी उपयोगी पडतात.

दुसरा उपाय मांडणी बदलण्याचा आहे. याच सहा डिस्कचे तीन आरसे, म्हणजे मिरर, केले तर विखुरलेल्या लेखनाची क्षमता साधारण तिप्पट होते आणि वाचनाची त्याहूनही अधिक. जागा मात्र चार डिस्कऐवजी तीन डिस्कइतकी उरते. व्हीएमसाठी मी हीच मांडणी सुचवतो. जागेचा हव्यास असेल, तर रेड-झेड-२ बॅकअपच्या फाइलींसाठी ठेवावे. तेथे ते शोभते.

जाता जाता रेकॉर्डसाइज, म्हणजे झेडएफएस फाइलीचा मजकूर ज्या तुकड्यांत ठेवते त्यांचा कमाल आकार, तपासावा. त्याचे मूळ मूल्य १२८ केबी असते, आणि एवढ्या मोठ्या रेकॉर्डमधील चार केबी बदलायचे झाले, तर पुष्कळदा आख्खा रेकॉर्ड वाचून, बदलून, पुन्हा लिहावा लागतो. व्हीएमच्या डेटासेटसाठी १६ ते ६४ केबी बरे पडतात. हे मूल्य बदलले तरी आधीच्या फाइली जुन्याच आकारात राहतात, त्यामुळे व्हीएमची डिस्क दुसरीकडे नेऊन परत आणावी लागते. ‘बदलून पाहिले, काही फरक पडला नाही’ अशी पत्रे बहुधा हे न केल्यामुळे येतात.

मेमरी वाढवण्याचा किंवा वाचनासाठी एल-टू-आर्क (एसएसडीवरील वाचनाची कॅश) जोडण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर आपल्या तक्रारीपुरता तो बाजूला ठेवावा.

प्रश्न : व्हीएम संथ वाटत होते म्हणून १ गिगाबिटचे नेटवर्क बदलून १० गिगाबिटचे केले. आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने ९.४ गिगाबिट दाखवले, म्हणजे नेटवर्क उत्तम आहे. पण व्हीएमच्या अनुभवात तसूभरही फरक नाही. आता जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटे) लावावेत का?

उत्तर : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे येथे झाले आहे. आयपर्फ एकाच दिशेने भरभरून मजकूर ओततो आणि तार किती रुंद आहे ते सांगतो. व्हीएमचे रोजचे काम असे नसते. ते लहानशी मागणी करते, उत्तराची वाट पाहते, मग पुढची मागणी करते. या वाट पाहण्यात वेळ जातो आणि तार दहापट रुंद केल्याने तो दहापट कमी होत नाही. हार्ड डिस्कला बारा मिलिसेकंद लागत असतील, तर नेटवर्कवरील जाण्यायेण्याचा अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ वाचवून किती वाचणार?

जंबो फ्रेमचा लाभ किती, हे कागदावरच काढता येते. नेहमीच्या १५०० बाइटच्या पाकिटात, टीसीपी या नेटवर्कवरील संभाषणाच्या पद्धतीची वेळेची नोंद धरून, उपयोगाचा मजकूर १४४८ बाइट असतो आणि तारेवर त्याला १५३८ बाइटइतकी जागा लागते. म्हणजे सुमारे ९४ टक्के. आपल्याला दिसलेले ९.४ गिगाबिट येथूनच आले आहेत, आणि याचा अर्थ आपली तार पूर्ण क्षमतेने वाहत आहे. पाकीट ९००० बाइटचे केले, तर हे प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते. कमाई पाच टक्क्यांची आणि प्रोसेसरवरचा भार थोडा हलका. सलग मोठ्या बॅकअपसाठी ते मोलाचे असू शकते, रखडणाऱ्या व्हीएमसाठी नाही.

उलट बाजूची जोखीम मात्र मोठी आहे. होस्ट, स्विचचे सर्व पोर्ट, व्हर्च्युअल स्विच आणि स्टोरेज यांपैकी एखादी जागा १५०० वर राहून गेली, तर लहान पाकिटे सुखरूप जातात, साठा जोडलेलाही दिसतो, फोल्डरची यादीही येते आणि मोठे लेखन सुरू होताच सगळे गोठते. हा दोष शोधायला फार त्रास होतो, कारण साध्या पिंगला सर्व काही ठीक दिसते. जंबो लावायचेच असतील, तर पाकिटाचे तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचा पिंग दोन्ही दिशांनी पाठवावा. ९००० मधून पत्त्याच्या २० आणि पिंगच्या ८ बाइटची वजावट करून हा आकडा येतो. तो पिंग परतला नाही, तर जंबो फ्रेम लागू झालेलेच नाहीत.

नेटवर्कचा दोष खरोखर असतो तेव्हा तो बहुधा ओळखू येण्याजोगा आकडा दाखवतो. वेग ११ ते १२ एमबीवर सरळ रेषेत अडकला असेल, तर एखादी केबल किंवा तिचे टोक खराब असून जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे असे समजावे; लिनक्सवर इथटूल ते लगेच सांगतो. वेग बराच वेळ चांगला राहून मध्येच क्षणभर शून्यावर येत असेल, तर पाकिटे गळत आहेत का ते पाहावे. लिनक्समध्ये हरवलेल्या पाकिटाची वेळ संपून ते पुन्हा पाठवले जाण्यासाठी किमान २०० मिलिसेकंद जाऊ शकतात, आणि एक मिलिसेकंदाच्या व्यवहारात एवढा खंड म्हणजे युगच. दहा गिगाबिटचे स्टोरेज एक गिगाबिटच्या होस्टकडे झोत सोडते आणि मधल्या स्विचची लहान बफर भरून वाहते, हे त्यामागचे नेहमीचे कारण. स्विचच्या पोर्टवरील ‘ड्रॉप’ आणि ‘एरर’ यांचे मोजक जर वाढत असतील, तर नेटवर्ककडे वळावे. ते स्थिर असतील, तर नेटवर्कला सोडून द्यावे.

प्रश्न : दोन एक-गिगाबिट केबल एलएसीपीने (अनेक तारा एकच जोडणी म्हणून वापरण्याच्या पद्धतीने) एकत्र बांधल्या आहेत. तरीही एका व्हीएमला ११० एमबीहून अधिक का मिळत नाही?

उत्तर : कारण एलएसीपी एका संभाषणातील पाकिटे दोन तारांवर वाटत नाही. पत्ते आणि पोर्ट यांवरून एक हिशेब करून प्रत्येक संभाषण कोणत्या तारेने जाईल हे ठरते आणि ते त्याच तारेने जात राहते. अन्यथा पाकिटे उलटसुलट क्रमाने पोहोचली असती. एनएफएसच्या जोडणीसाठी एक होस्ट साधारणपणे एकच टीसीपी संभाषण उघडतो, म्हणून दुसरी तार रिकामी बसते. एक गिगाबिटच्या तारेची प्रत्यक्षातील कमाल ११७ एमबीच्या आसपास असते, तेव्हा आपल्याला मिळणारा वेग रास्तच आहे.

आयस्कझी (दूरची डिस्क स्वतःचीच असल्यासारखी नेटवर्कवरून जोडणारी पद्धत) वापरत असल्यास एलएसीपी सोडावे आणि दोन तारांना दोन वेगळे सबनेट (पत्त्यांचे गट) देऊन मल्टिपाथ, म्हणजे साठ्याकडे जाणाऱ्या एकाहून अधिक वाटा, मांडावे. ईएसएक्सआयवर राउंड रॉबिन (वाटा आळीपाळीने वापरण्याची) पद्धत निवडल्यावर ती मूळ मांडणीत एका वाटेने हजार मागण्या गेल्यावर वाट बदलते. स्टोरेज बनवणारे पुष्कळदा हा आकडा कमी करायला सांगतात आणि त्यांचे ऐकावे. एनएफएस वापरायचे असल्यास लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीपासून एनकनेक्ट हा पर्याय आहे. त्याने एकाच जोडणीसाठी अनेक टीसीपी संभाषणे उघडतात आणि ती दोन तारांवर विभागली जाण्याची संधी मिळते.

प्रश्न : मी व्हीएममध्ये डीडी ही आज्ञा वापरून शून्ये लिहिली, तर वेग सेकंदाला २ जीबी आला. वापरणारे मात्र प्रणाली संथ आहे असे म्हणतात. माझे मोजमाप खरे धरावे की त्यांचे म्हणणे?

उत्तर : त्यांचे म्हणणे खरे धरावे. शून्यांचा प्रवाह कॉम्प्रेशन चालू असलेल्या स्टोरेजवर जवळजवळ नाहीसाच होतो आणि डिस्कपर्यंत काही पोहोचतच नाही. कॉम्प्रेशन नसले, तरी व्हीएमच्या स्वतःच्या मेमरीत मजकूर साचतो आणि डीडी तो लिहून झाला असे मोजते. लिनक्स मूळ मांडणीत उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा न उतरवलेला मजकूर धरून ठेवू शकतो. विंडोजमध्ये फाइल ओढून टाकताना आलेख सुरुवातीला उंच जाऊन मग कोसळतो, तोही याच कारणाने. तो आलेख सोडतीच्या तिकिटाइतकाच भरवशाचा आहे.

मोजण्यासाठी फिओ हे साधन घ्यावे, विंडोजवर डिस्कस्पीड. कॅश टाळण्याचा डायरेक्ट पर्याय चालू ठेवावा, चाचणीची फाइल स्टोरेज सर्व्हरच्या मेमरीपेक्षा मोठी घ्यावी आणि मजकूर शून्यांऐवजी यादृच्छिक ठेवावा. पहिली चाचणी ४ केबीच्या विखुरलेल्या लेखनाची असावी. रांगेची खोली, म्हणजे एका वेळी वाटेत असलेल्या मागण्यांची संख्या, एक, आणि प्रत्येक लेखनानंतर एफसिंक, म्हणजे मजकूर डिस्कवर पक्का करण्याची आज्ञा. ही चाचणी कमालीचे लाजिरवाणे आकडे देते, म्हणून ती कोणी दाखवत नाही, पण डेटाबेसचा व्यवहार पक्का होताना किंवा सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवली जाताना व्हीएम नेमके हेच करत असते. यानंतर रांगेची खोली ३२ करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

या दोन निकालांची तुलना फार बोलकी असते. वाटेत असलेल्या मागण्यांची संख्या म्हणजे सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम स्टोरेजलाही तंतोतंत लागू पडतो. एकेक मागणी एक मिलिसेकंद घेत असेल आणि वाटेत एकच मागणी असेल, तर सेकंदाला हजार, म्हणजे ४ केबीच्या हिशेबाने फक्त ४ एमबी. खोली ३२ केल्यावर वेग वीस-तीस पटींनी वाढला, तर साठ्यात ताकद आहे आणि अडचण प्रत्येक मागणीच्या विलंबात आहे. वेग वाढलाच नाही आणि विलंब मात्र ३२ पट झाला, तर साठा एका मागणीनेच दमलेला आहे. पहिल्या बाबतीत विलंब कमी करण्याचे उपाय शोधावेत, दुसऱ्या बाबतीत अधिक डिस्क किंवा अधिक चांगल्या डिस्क हव्यात. सरासरीवर समाधान मानू नये. फिओ ९९ व्या शतमकाचा विलंबही देतो आणि माणसांना जाणवतो तो तोच, कारण शंभरातील एक मागणी अर्धा सेकंद अडली की पडदा गोठतो.

हीच चाचणी आधी थेट स्टोरेज सर्व्हरवर, नंतर होस्टवरून नेटवर्कपार, आणि शेवटी व्हीएमच्या आत घ्यावी. आकडा ज्या दोन पायऱ्यांमध्ये कोसळतो तेथे दोष असतो आणि बाकीचे सर्व काही तपासण्याचे कष्ट वाचतात. सर्व्हरवरच आकडा वाईट असेल, तर नेटवर्कविषयी पुढे काही बोलू नये. आयस्कझी वापरणाऱ्यांना ईएसएक्सआयच्या ईएसएक्सटॉप या साधनात हे विभाजन आयते मिळते : डीएव्हीजी म्हणजे होस्टबाहेर, तार आणि साठा यांत गेलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे होस्टच्या आत गेलेला, आणि जीएव्हीजी ही दोहोंची बेरीज. केएव्हीजी दोन मिलिसेकंदांच्या वर राहत असेल, तर होस्टमधील रांग भरली आहे. डीएव्हीजी सतत पंचवीसच्या वर असेल, तर बाहेर पाहावे.

प्रश्न : त्याच सर्व्हरवर एनएफएसऐवजी आयस्कझी लावले आणि लेखन अनेक पटींनी वाढले. एनएफएस मुळातच संथ आहे, असे म्हणावे का?

उत्तर : घाई करू नये. झेडएफएसवरील आयस्कझीच्या डिस्कला, म्हणजे झेडव्हॉलला, सिंकची मूळ मांडणी ‘स्टँडर्ड’ असते. लिहिणाऱ्याने स्पष्टपणे मागितल्याशिवाय लेखन मेमरीतच मान्य केले जाते, आणि ईएसएक्सआय आयस्कझीवर ते एनएफएससारखे दर वेळी मागत नाही. म्हणजे वाढलेला वेग पुष्कळसा सुरक्षितता सोडून मिळालेला आहे. झेडव्हॉलची सिंक ‘ऑलवेज’ करून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे बरेच जवळ येतील आणि मग पहिल्या उत्तरातील स्लॉगची गरज दोघांनाही सारखीच लागू होईल. समान अटींवर मोजल्यावर दोहोंतील फरक एवढा लहान उरतो की मी निवड वेगावरून न करता सोयीवरून करतो : एकेका व्हीएमच्या फाइली उघडपणे हाताळायच्या असतील तर एनएफएस, एकाहून अधिक वाटा हव्या असतील तर आयस्कझी.

झेडव्हॉल तयार करताना ब्लॉकचा आकार विचारपूर्वक द्यावा, कारण तो नंतर बदलता येत नाही. ओपनझेडएफएसच्या २.२ आवृत्तीपासून मूळ मूल्य १६ केबी आहे, त्याआधी ८ केबी होते, आणि रेड-झेडवर ८ केबीचे ब्लॉक घेतले तर पॅरिटी (डिस्क बिघडल्यास मजकूर परत मिळवण्यासाठीची जादा माहिती) व भरणीपायी अपेक्षेहून बरीच अधिक जागा जाते.

प्रश्न : केव्हीएमवर (लिनक्समधील व्हीएम चालवण्याच्या सोयीवर) लिनक्सचे व्हीएम चपळ चालते, पण त्याच साठ्यावरील विंडोजचे व्हीएम रांगते. कारण काय असावे?

उत्तर : विंडोजच्या व्हीएमची डिस्क कोणत्या कंट्रोलरवर आहे ते प्रथम पाहावे. विंडोज बसवताना व्हर्टआयओचे, म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेल्या उपकरणांचे, ड्रायव्हर हाताशी नसल्याने अनेक जण आयडीई किंवा साटा निवडून पुढे जातात आणि ते तसेच राहून जाते. आयडीईमध्ये एका वेळी एकच मागणी वाटेत असू शकते. मोजमापाविषयीच्या उत्तरातील वाटेतील मागण्यांचा हिशेब येथे लावला, की नेटवर्कपारच्या साठ्यावर त्याचे काय होणार हे उघड आहे. शिवाय खरे नसलेले जुने उपकरण हुबेहूब भासवण्यात होस्टचा प्रोसेसर खर्ची पडतो. उपाय व्हर्टआयओ-स्कझी हा आहे. मूळ डिस्क एकदम बदलली, तर ड्रायव्हर नसल्याने विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी एक लहानशी रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडावी, विंडोजला तिचा ड्रायव्हर बसवू द्यावा, आणि मग व्हीएम बंद करून मूळ डिस्क त्या कंट्रोलरवर हलवावी. ईएसएक्सआयवर हेच काम पीव्हीस्कझी करतो.

एवढ्याने भागले नाही, तर स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या एखाद्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या अवस्था, मोजावेत. कोणीतरी अपडेटपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट महिनोन्‌महिने राहिला, की प्रत्येक वाचनासाठी ब्लॉक साखळीतील कोणत्या फाइलीत आहे ते पाहावे लागते. व्हीएमवेअरची शिफारस एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक न ठेवण्याची आणि साखळीत दोन-तीनच ठेवण्याची आहे. विंडोज फार जुने असेल, तर पार्टिशनची सुरुवातही तपासावी. व्हिस्टापूर्वीच्या आवृत्त्या पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करत, त्यामुळे व्हीएमचा प्रत्येक ब्लॉक साठ्याच्या दोन ब्लॉकवर आडवा पडतो आणि एका कामाची दोन कामे होतात. नव्या आवृत्त्या १ एमबीपासून सुरुवात करत असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूईएमयूमधील कॅशचा पर्याय ‘अनसेफ’ करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो. त्या पर्यायात व्हीएमने मागितलेले फ्लश, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवण्याच्या आज्ञा, सरळ दुर्लक्षिले जातात. फेकून देण्याच्या व्हीएमसाठीच तो वापरावा.

प्रश्न : आमचे व्हीएम दिवसभर चांगले चालतात; पण रोज रात्री ठरावीक वेळी, आणि महिन्यातून एखाद्या दिवशी पूर्ण दिवस, असह्य संथ होतात. मोजायला बसावे, तर तोवर सगळे पूर्ववत झालेले असते.

उत्तर : घड्याळ पाळणाऱ्या दोषामागे बहुधा कोणीतरी लावून ठेवलेले काम असते, तेव्हा साधने उघडण्याआधी सर्व वेळापत्रके एका कागदावर मांडावीत : बॅकअप, अँटिव्हायरसची तपासणी, व्हीएममधील अपडेट, स्टोरेजवरील स्क्रब (साठ्यातील सर्व मजकूर वाचून पडताळणे) किंवा रेडची सुसंगती-तपासणी, स्नॅपशॉट घेणे आणि पुसणे. सगळ्या व्हीएममध्ये एकच मूळ प्रतिमा वापरली असेल, तर अँटिव्हायरस सर्वत्र एकाच मिनिटाला जागा होतो आणि एरवी पुरेसा असलेला साठा तेवढ्यापुरता गुदमरतो. बॅकअपनंतर स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो, तेव्हाही लेखनाचा मोठा भार येतो. बॅकअप संपल्याची नोंद झाल्यावरही मशीन संथ राहतात, ते यामुळे.

महिन्यातून एकदा दिवसभर येणारा संथपणा वेगळ्या कारणाचा असू शकतो. स्क्रब मोठ्या साठ्यावर सहज दिवसभर चालते आणि अनेक प्रणालींत ते महिन्याला एकदा लावलेले असते. रेड कार्ड बॅटरीचे असेल, तर काही कार्डे ठरावीक काळाने बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतात आणि तेवढा वेळ लेखनाची कॅश बंद ठेवून प्रत्येक लेखन थेट डिस्कवर करतात. बॅटरी संपूर्ण निकामी झाली, तर ही अवस्था कायमची होते. एक दिवस अचानक लेखन मंदावले आणि परत सुधारलेच नाही, अशी तक्रार आली की मी प्रथम कार्डाच्या नोंदी पाहायला सांगतो. साठा ८० टक्क्यांच्या वर भरला असेल, तर झेडएफएसला सलग मोकळी जागा शोधणे जड जाते आणि हाच संथपणा हळूहळू वाढत जातो. डिस्क एसएमआर पद्धतीच्या तर नाहीत ना, हेही पाहावे. त्यांत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि विखुरलेले लेखन आधी राखीव पट्ट्यात साचवून मग जागेवर नेले जाते. ती राखीव जागा भरली की डिस्क काही काळ जवळजवळ उत्तरच देत नाही. नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या पद्धतीच्या आहेत हे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हा पेटीवरील नावावर न विसंबता नेमका मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत तपासावा.

मोजमापाची अडचण सोडवण्यासाठी रात्री जागत बसण्याचे कारण नाही. स्टोरेज सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कची कामे व विलंब दाखवणारे साधन) विस्तारित स्वरूपात, दहा सेकंदांच्या अंतराने, वेळेच्या शिक्क्यासह फाइलमध्ये लिहीत ठेवावा. झेडएफएस असेल, तर झेडपूल आयओस्टॅट विलंबाच्या पर्यायासह चालवावा. एखादीच डिस्क सोबतिणींपेक्षा कितीतरी अधिक विलंब दाखवत असेल, तर ती मरणपंथाला लागली आहे आणि तिच्यामुळे सगळा गट अडतो आहे, ती बदलावी. सर्वच डिस्क एकसारख्या व्यस्त असतील, तर नोंदीतील वेळ वेळापत्रकाच्या कागदाशी जुळवून पाहावी आणि जी कामे एकावर एक आली आहेत त्यांच्यात निदान तासाभराचे अंतर टाकावे. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी किती व्हीएम घ्यायची याची मर्यादा असते. ती मूळ आकड्यावर न ठेवता दोनपासून सुरू करून विलंब वाढेपर्यंत एकेकाने वाढवत न्यावी.